सुखदेवमामांची शब्दांची थैली

आमच्या गल्लीतला सगळ्यात कमी बोलणारा माणूस रोज सकाळी इंटरनेटवर बोलतो. हे आमचे सुखदेवमामा. लोणारात त्यांनी चौतीस वर्षं टपाल वाटलं, पण दारात उभं राहून कधी "पत्र!" म्हणून हाक दिली नाही. सायकलची घंटी वाजवायची, पत्र हातात द्यायचं, मान हलवायची आणि पुढचं दार गाठायचं. रिटायर झाल्यावरही तेच. किराणावाल्याला चिठ्ठी देतात: 'साखर एक किलो. पुडा घट्ट बांधणे.' न्हाव्याला चिठ्ठी: 'मिशीस हात लावू नये.' तोंडातून फार तर होकाराचं "हाव".

आणि फोनवर? इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस, खणखणीत आवाज. "जय भीम मंडळी! आज आपल्या थैलीतून निंघाला शब्द, कुटार!" चॅनेलचं नाव 'शब्दांची थैली'. रोज एक वऱ्हाडी शब्द, एक मिनिट. वावर म्हणजे शेत, बंडी म्हणजे बैलगाडी, कुटार म्हणजे गुरांचा भुसा. पाहणारे वीस-पंचवीस, त्यातले निम्मे गल्लीतले.

कमेंटला मामा पत्रासारखं उत्तर देतात. 'आपण लॉटरी जिंकला आहात,' असं कोणा भामट्यानं लिहिलं, तर मामांचं उत्तर: 'वाचून आनंद झाला. परंतु आम्ही तिकीट काढले नव्हते. बक्षीस योग्य माणसास पोचवावे.' पुण्याच्या एका गृहस्थांनी कळवलं, भाषा शुद्ध हवी. मामांनी लिहिलं, 'सूचना पोचली. आमचे शब्द विहिरीवर रोज धुतले जातात.'

माझं स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या फोनांची डॉक्टर मीच. एके दिवशी मामांनी फोन काउंटरवर ठेवला, सोबत चिठ्ठी: 'फोन भरला. जुने व्हिडिओ काढून टाकणे. पाहू नये.'

'पाहू नये' लिहिल्यावर कोण राहील? मी पाहिले.

'वावर'च्या एका मिनिटामागे त्रेचाळीस प्रयत्न होते. "आजचा शब्द व... व... व..." जबडा अडलेला, डोळे मिटलेले, मूठ आवळलेली. मग फोन बंद. पुन्हा सुरू. पुन्हा "व... व..." त्रेचाळिसाव्या वेळी तो शब्द सरळ निघाला होता, आणि तेवढाच आम्ही पाहिला होता. चौतीस वर्षांची ती घंटी मला त्या दुपारी समजली. टाकून देववेना. सगळं माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि मामांना रिकामा फोन परत केला.

महिनाभरानं सोनाळ्याहून एक बाई आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन एसटीनं आल्या. थेट माझ्या दुकानात. "थैलीवाले मामा कुठी रायतेत वं बाई? या पोरीची जीभ अडखयते. कॉलेजात पोट्टे हासतेत, तं जातच नाही म्हनते. म्या म्हनलं, मामाले पाह्य, कसे झराझरा बोलतेत! चाल, त्यायलेच इचारू."

मुलगी जमिनीकडे पाहत होती. आणि मामा तिथंच काउंटरशी पाठमोरे उभे होते, पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स घेत. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मान हलवून निघून जाता आलं असतं. जन्मभर तेच केलं होतं.

"न... न... नाव काय वं तुह्यं?" मामा म्हणाले.

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला वाटलं, हे आपली नक्कल करून राह्यले. "च... चाल आई," म्हणून ती वळली. मामांनी हात पुढं केला, तोंड उघडलं, पण शब्द निघेना.

मग मी न विचारता कॉम्प्युटरचा पडदा फिरवला आणि 'वावर' सुरू केलं.

"पोरी, तू हे..." मामा माझ्यावर भडकले. पण मुलगी थांबलेली पाहून गप्प झाले.

तिनं उभ्या उभ्या त्रेचाळीसही पाहिले. मधेच कुठं तरी पडद्यावरच्या मामांनी वैतागून स्वतःचाच कान पिळला, तेव्हा ती फिस्सकन हसली. मामाही हसले. मग ती म्हणाली, "अ... अ... अश्विनी." तिची आईसुद्धा तोवर मधे बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्या कॉम्प्युटरवरून चॅनेलवर सगळे त्रेचाळीस प्रयत्न टाकले, न कापता. खाली मजकूर: 'आजवर आपणांस फक्त शेवटची प्रत पाठवली जात होती. उरलेल्या सोबत जोडल्या आहेत.' काही जण हसले. त्यांना प्रत्येकाला उत्तर गेलं: 'आपले हसणे पोचले.' आठवड्यानं सोनाळ्याहून अश्विनीचा पहिला व्हिडिओ आला, तिच्या आजीचा एक शब्द घेऊन. तोही न कापता. कॉलेजच्या फाटकासमोर काढलेला.

परवा दुकानात गर्दी कमी होती. मी विचारलं, "मामा, इतके कमी लोक पाहतेत, तरी रोज काऊन करता?"

मामा स्टुलावर बसले. वेळ लागला. "तुही मामी होती तवा ती थांबे. माहा शब्द निंघेपर्यंत हातातली भाकर तशीच धरून बसे. बाकीचे लोक म... मधातच पुरा करून देतेत. ती गेली. मंग हा फ... फोन भेटला. हा थांबते."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"आन आता प... प..."

मला शब्द कळला होता. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं फॉर्म पुढं केला. मी त्याला हातानंच थांबवलं. तोही थांबला.

"पोरगी बी थांबते," मामा माझ्याकडं पाहून म्हणाले.