डावीकडच्या सीटवरच्या काकू

शालिनीकाकू दिघ्यांना गाडी चालवता येत नाही. साधी सायकलसुद्धा येत नाही. तरीही त्या ज्या गाडीत बसतात ती गाडी त्याच चालवतात. स्टिअरिंग, गिअर वगैरे किरकोळ कामं तुमच्याकडे, बाकी सगळं काकूंकडे.

त्या नेहमी ड्रायव्हरच्या शेजारी बसतात. बसल्याबरोबर पदर खोचतात, चष्मा पुसतात, काच अर्धी खाली करतात आणि उजवा पाय पुढे रोवतात. तिथे ब्रेक नाही ही गोष्ट त्यांच्या पायानं कधी मान्य केलेली नाही. माझ्या गाडीतल्या डावीकडच्या मॅटला त्यांच्या टाचेनं भोक पाडलं आहे. गाडी हलली की काकू सुरू होतात.

"हळू रे अनिल. डावीकडची स्कूटर आत घुसणार. त्याच्या मनात आहे."

'मनात आहे' हे काकूंचं खास शास्त्र. आमच्या बडोद्यात इंडिकेटर दाखवण्याची पद्धत नाही. कोण कुठे वळणार हे त्याला स्वतःला आणि फार तर त्याच्या कुलदैवताला ठाऊक असतं. तिसऱ्या काकू. कानाखांद्यात फोन दाबून जाणारा शेठ, डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी गुंडाळलेली आणि वर गॉगल लावलेली स्कूटरवाली मुलगी, उजवीकडे हात दाखवून डावीकडे वळणारी रिक्षा, राँग साइडनं येऊन वर आपल्याकडेच रागानं बघणारा माणूस, या सगळ्यांच्या मनातलं काकूंना आधी कळतं. "रिक्षावाल्याच्या मनात पॅसेंजर आहे, थांबणार बघ." रिक्षा थांबते. "गाईच्या मनात नाही, जा तू." गाय खरंच जागची हलत नाही.

एखादा फारच जवळून घासून गेला तर काकू खिडकीतून डोकं काढतात. शिवी देत नाहीत. घरात शुद्ध मराठी बोलणाऱ्या काकूंची रस्त्यावरची भाषा गुजराती. "ओ भाई, घेर बधा वाट जुए छे. जीवता पहोंचजो!" घरी सगळे वाट बघताहेत, जिवंत पोचा. शिवीला उलट शिवी देता येते, याला काय उत्तर देणार? मिशीवाला दांडगा माणूससुद्धा "हा काकी" म्हणून चार पावलं हळू जातो.

हे सगळं ऐकायला मजेचं वाटतं. गाडी चालवणाऱ्याला विचारा. ऑफिसात डोकं पिकवून घेतलेलं असावं, फतेगंजच्या चौकात हॉर्नचा गदारोळ चालू असावा, आणि कानाशी ही अखंड कॉमेंट्री. एकदा एसटीत ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसून त्यांनी हेच सुरू केलं, तेव्हा त्यानं अर्ध्या रस्त्यात गाडी बाजूला घेऊन हात जोडले. "काकी, तमे ज चलावी लो." काकू म्हणाल्या, "मला येत असती तर चालवली असती हो."

काका, म्हणजे त्यांचे यजमान, याच्या अगदी उलट. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, शांत, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. त्यांची पांढरी गाडी आमच्या सोसायटीची शान होती. गाडी जुनी, पण अंगावर एक ओरखडा नाही. बडोद्यात ओरखडा नसलेली गाडी म्हणजे एकतर शोरूममध्ये उभी असते किंवा दिघेकाकांची असते, असं आम्ही म्हणत असू. दर रविवारी दोघं बडोद्याजवळच्या सावली गावाला काकूंच्या थोरल्या बहिणीकडे जात. त्या रस्त्यावरचे ट्रक, ट्रॅक्टर आणि माणसांनी खच्चून भरलेले भरधाव तीनचाकी छकडे ज्यानं पाहिले आहेत त्याला कळेल की ही सहल नव्हे. आणि त्यातून शेजारी काकू!

"काका, तुमच्या सहनशक्तीला साष्टांग नमस्कार," असं मी कितीदा म्हटलं असेन. काका नुसते हसत. काकूही हसत. 'बिचारे काका' हे आमच्या सोसायटीत जवळजवळ एकच नाव झालं होतं, जोडून उच्चारायचं.

एका पावसाळ्यात आम्ही दोघं नवराबायको त्यांच्या गाडीत मागे बसलो होतो. विश्वामित्री नदीला पाणी चढलं होतं, रस्ते ओले. काकू म्हणाल्या, "अहो, थांबा. डावीकडे मगर."

काकांनी गाडी थांबवली. मान वळवून बघितलंदेखील नाही, नुसती थांबवली. मला मागे हसू आवरेना. मी म्हटलं, "काकू, ओंडका असेल." ओंडक्यानं तोंड उघडलं. मी घाईनं माझ्या बाजूची काच वर केली. शेवटी काकू म्हणाल्या, "तिच्या मनात नाही. चला." आणि आम्ही निघालो. घरी आल्यावर माझी बायको मगरीबद्दल बोललीच नाही. म्हणाली, "बिचाऱ्या काकांना वळून बघायचीही परवानगी नाही."

मागच्या वर्षी काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. ऑपरेशनची तारीख मिळायला वेळ होता. त्याच आठवड्यात काकांनी गाडी विकून टाकली. सोसायटीला आठवडाभराचं खाद्य मिळालं. मोतीबिंदू बायकोला आणि गाडी विकली नवऱ्यानं! मी काकांना विचारलं तर म्हणाले, "तिला दिसत नाही, तर मी गाडी चालवून काय करू?" उतारवयातल्या प्रेमाचा हा मासला आम्ही एकमेकांना रंगवून सांगितला. ऑपरेशन झालं, काकूंना लख्ख दिसू लागलं, पण गाडी गेली ती गेलीच. तेव्हापासून मंडळाचा कार्यक्रम असो की दवाखाना, दोघं माझ्या गाडीतून येतात. काकू पुढे, काका मागे, आणि मी नावापुरता स्टिअरिंगवर.

मंडळ म्हणजे दांडिया बाजारातलं आमचं मराठी मंडळ. त्याचे सेक्रेटरी सप्रे यांना सत्कार करण्याचा नाद आहे. सत्कार करण्याजोगी माणसं संपत आली की ते कारणं शोधतात. या खेपेला वाहतूक सुरक्षा हा विषय घेऊन त्यांनी दिघेकाकांना पकडलं. इतकी वर्षं बडोद्याच्या रस्त्यावर गाडी चालवून कोणाला साधा धक्का नाही, म्हणून शाल, श्रीफळ आणि एक काचेचं स्मृतिचिन्ह. काका नको नको म्हणत होते. काकूंनीच आग्रह केला, त्यांचा कोट धोब्याकडून आणला, त्यांना तयार केलं.

सप्रे माईकवर आले की आवरत नाहीत. "दिघेसरांनी रस्त्यावरच्या रिक्षांना तोंड दिलं, गाईंना दिलं, ट्रकना दिलं," ते म्हणाले, "आणि मंडळी, शेजारच्या सीटलाही दिलं!" हॉल हसला. मीही हसलो. "एवढ्या कटकटीत ज्याचा हात स्टिअरिंगवर स्थिर राहिला, तो योगीच म्हणायचा." आणखी हशा, टाळ्या. पहिल्या रांगेत काकू तोंडाला पदर लावून सगळ्यांबरोबर हसत होत्या.

मग काका बोलायला उभे राहिले. माईक धरला. "गाडी मी," एवढं म्हणून थांबले. कुणीतरी मागून ओरडलं, "बोला सर, आज काकू मध्ये बोलणार नाहीत!" पुन्हा हशा. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी अगदी बारीकशी मान हलवली, नाही अशी. काका म्हणाले, "मंडळाचा मी आभारी आहे." आणि बसले. विनम्र माणूस, असं सप्रे म्हणाले.

निघताना सप्र्यांनी माझ्या गाडीचं पुढचं दार उघडलं. "आज तरी सत्कारमूर्तींना पुढे बसू द्या." काकू निमूट मागे बसल्या. मांडवीजवळ संध्याकाळची गर्दी होती. हातगाड्या, खरेदीला आलेल्या बायका, गाड्यांच्या फटीफटीतून घुसणाऱ्या स्कूटर. मला एकदा जोरात ब्रेक लावावा लागला, डावीकडून एक मुलगा अचानक समोर आला होता. मागून आवाज नाही. थोडं पुढे गेल्यावर एक रिक्षा तशीच अंगावर आली. तरी आवाज नाही. इतकी वर्षं मी या शांततेसाठी देवाला साकडं घालत होतो, आणि आता ती सहन होईना.

"शालू, बोलत का नाहीस?" काकांनी विचारलं.

"पुरे झालं आता," काकू म्हणाल्या. "लोकांना त्रास होतो. अनिलला चालवता येते गाडी."

त्या रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं एक काम संपल्यासारखं म्हणाल्या. काकांनी समोर बघत, माझ्याकडे न वळता सांगितलं, "अनिल, मला डाव्या डोळ्यानं काहीही दिसत नाही. दहाएक वर्षं झाली."

"अहो, तो गाडी चालवतोय. घरी गेल्यावर बोला," काकू मागून म्हणाल्या.

"घरी गेलो की मी बोलणार नाही, तुला माहीत आहे," काका म्हणाले आणि बोलत राहिले. काचबिंदू. कळलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून सांगितलं. त्यानंतर ते घरात एका खुर्चीत बसले, ते बसलेच. पेपर नाही, जेवणाकडे लक्ष नाही. एका रविवारी काकूंनी किल्ली आणून हातात ठेवली आणि म्हणाल्या, चला सावलीला, डावीकडचं मी बघते. "तेव्हापासून ती बघत होती. मी फक्त हात हलवत होतो. तिला मोतीबिंदू झाला आणि आमचं दोघांचं मिळून लायसन संपलं."

मला घाम फुटला. आमची मुलगी लहानपणी त्याच गाडीतून क्लासला जात असे. रागही आला, खोटं कशाला सांगू? डॉक्टरांनी नको म्हटल्यावर गाडी रस्त्यावर काढणं ही चूकच होती, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. "चूकच," काकू म्हणाल्या. "रोज रात्री देवासमोर कान धरत होते मी. पण हा माणूस त्या खुर्चीतून उठत नव्हता रे." आम्ही ज्याला कटकट म्हणत होतो ते काकूंचं बघणं होतं, आणि 'बिचारे काका' म्हणताना एकदाही आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही की ही बाई एवढ्या जिवाच्या आकांतानं बोलते तरी का.

"आज माईकवर एवढंच सांगायचं होतं," काका म्हणाले. "गाडी मी नाही, हिनं चालवली. शाल हिला द्या. चार शब्द. इतकी वर्षं तिला लोक कटकटी म्हणतात आणि मी हसतो. आजही हसून घेतलं."

"काय बिघडलं?" काकू म्हणाल्या. "कटकटीचं लायसन कोणी काढून घेत नाही. तुम्हाला कोणी आंधळा म्हटलेलं मला ऐकवलं नसतं."

काकांनी रुमाल काढला. घराजवळ येईपर्यंत तो हातातच होता. फाटकाशी मी गाडी थांबवली तेव्हा ते म्हणाले, "अनिल, तू मंडळाच्या अंकात लिहितोस ना? मला बोलता आलं नाही. तू लिही हे."

"लिही हवं तर," काकू उतरता उतरता म्हणाल्या. "पण यांचं नाव बदल. माझं राहू दे, मला काय होणार आहे?"

म्हणून खरं तर मंडळाचे सेक्रेटरी सप्रे नाहीत आणि काकांचं आडनाव दिघे नाही. मला काकूंचं खरं नाव छापायचं होतं, ठळक अक्षरांत, सगळ्या बडोद्याला दिसेल असं. पण नवराबायकोचं आडनाव एकच. त्यांचं झाकायचं म्हणून काकूंचंही बदलावं लागलं.