शनिवारचं तेल

नीरजाला बघायला धारवाडहून मंडळी येणार होती आणि तिच्या वडिलांनी, त्रिविक्रमरावांनी, पत्रात ठसक्यात लिहून टाकलं होतं, की यशवंतपूर स्टेशनवर न्यायला आमची गाडी येईल. आधीची दोन स्थळं हातची गेली होती, तेव्हा तिसऱ्यापुढे थोडा रुबाब हवाच. गाडी कुणा साहेबाकडून घेतलेली जुनी, वयानं नीरजापेक्षा मोठी. मंडळी यायची त्या शनिवारी सकाळीच राव दुरुस्तीला टाकलेली ती गाडी आणायला मल्लेश्वरमच्या शिवाप्पा मेस्त्रीकडे गेले.

"गेअरपेटीचं जुनं तेल सगळं काढलंय राव," शिवाप्पा म्हणाला. "नवं आणतो, स्वल्प थांबा."

"आज नको. शनिवारी तेल विकत घ्यायचं नसतं आमच्यात. सोमवारी भर."

"सरी, तसं करू," शिवाप्पा म्हणाला. गाडी सोमवारपर्यंत इथंच राहणार असं समजून तो न्याहारीला गेला, आणि राव गाडी घेऊन बाहेर पडले. माणसानं दोन दिवस डोक्याला तेल लावलं नाही तर काही बिघडत नाही, मग गाडीला काय धाड भरलीय, असा त्यांचा सरळ विचार होता.

फुलं, केळीची पानं, मिठाई असं करत दुपारपर्यंत त्यांनी अर्धं गाव पालथं घातलं. गाडी कण्हत होती. यशवंतपूरला मुलगा प्राणेश आणि त्याची आई सगुणाबाई गाडीत बसले तेव्हा ती विव्हळायला लागली, आणि घर मैलभर राहिलं असताना गेअर जो अडकला तो हलेचना. रावांना घाम फुटला. तिसरं स्थळही रस्त्यातच गेलं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

प्राणेश हुबळीच्या रेल्वे कारखान्यात होता. बाह्या सारून तो गाडीखाली शिरला आणि काळ्या हातांनी बाहेर आला.

"काका, पेटीत तेलाचा थेंब नाही हो."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आज शनिवार," राव खालमानेनं म्हणाले. "आमच्या घरी शनिवारी तेल विकत घेत नाहीत. मीच नको म्हटलं मेस्त्रीला."

सगुणाबाई पिशवीतून एरंडेलाची मोठी बाटली काढून मुलाच्या हातात देत म्हणाल्या, "पोटासाठी आणलं होतं. विकतचं नव्हं, आमच्या शेतातलं हाय. वत की त्यात."

पेटी निवल्यावर प्राणेशनं ते ओतलं. गाडी कुरकुरत, पण आपल्या पायांनी दारात आली.

पोहे, भजी झाली. नीरजा आत गेल्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "पोरगी छान हाय. पण मी पसंती दिली ती रस्त्यातच बघा. गाडीचंसुद्धा तेल शनिवारी घेत नाहीत, असलं रीत पाळणारं घर आजकाल कुठं मिळतंय?"

रावांचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ते स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला, विमलाबाईंना, म्हणाले, "ऐकलंस? आपल्या घराची रीत उपयोगी पडली."

"हळू बोला," विमलाबाई झाऱ्यानं भजी उलटत कुजबुजल्या. "घरात तेलाचा टिपूस नव्हता. सकाळी तुम्ही गाडी आणायला गेलात तेव्हा शेरभर मागवलं. पाहुण्यांना काय पाण्यात तळून वाढू? दर शनिवारी हेच करते मी."

रावांनी ताटातलं एक गरम भजं उचललं आणि फुंकर घालून समाधानानं खाल्लं.