झुंबररावांची नळी

मुलांनो, मांडी घालून बसा आणि हातातलं खाणं खाली ठेवा. गोष्ट जेवणाचीच आहे.

एका जंगलात, जिथे मोहाची झाडं पुष्कळ आणि सल्ला देणारे त्याहून पुष्कळ, एक अस्वल राहत होतं. त्याचं नाव झुंबरराव. झुंबरराव खाऊनपिऊन सुखी होते. त्यांची बायको हौसाबाई शहाणी होती, पण तिला शहाणी म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती.

एका मंगळवारी सकाळी झुंबरराव वारुळाशी वाळवी खात उभे होते. एकाएकी त्यांचा उजवा पंजा लुळा पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. ते बोलायला गेले तर नुसता घरघर आवाज आला आणि ते जागीच कोसळले.

हौसाबाईला आधी वाटलं, मोहाची फुलं जास्त झाली. जवळ जाऊन पाहिलं आणि तिने वानरांना हाका मारल्या.

चार वानरांनी झुंबररावांना फांद्यांच्या झोळीत घालून दवाखान्यात नेलं. तिथे करकोचा डॉक्टर होता आणि वेणूताई नावाची वानरी सिस्टर होती. डॉक्टरने तपासलं आणि चमचाभर पाणी तोंडात घालून पाहिलं. झुंबररावांना असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले.

"अर्धांगाचा मोठा झटका आहे," डॉक्टर म्हणाला. "गिळता येत नाही. तोंडाने दिलेलं पोटात न जाता छातीत जाईल. म्हणून तोंडाने काही द्यायचं नाही. कमळाचा पोकळ देठ नाकातून पोटापर्यंत घालू आणि त्यातून पातळ पेज सोडू. उद्या सकाळीच."

"किती दिवस?" हौसाबाईने विचारलं.

"गिळता येईपर्यंत. डोकं सावकाश बरं होईल. पोट तेवढं थांबणार नाही."

हौसाबाई हो म्हणणारच होती. तेवढ्यात नातेवाईक आले.

मुलांनो, लक्षात ठेवा. रोग्याला जेवण पोचायला वेळ लागतो. नातेवाईकांना पोचायला लागत नाही.

पुढे होत्या झुंबररावांच्या आत्याबाई. पांढऱ्या केसांच्या, करड्या आवाजाच्या. नळीचं नाव काढताच त्यांनी कपाळाला पंजा लावला.

"सूनबाई, नळी लागली म्हणजे संपलं. आपल्या घराण्यात नळी लावून कोणी वाचलेलं नाही."

"आत्याबाई, आजवर किती जणांना लावली?" वेणूताईने विचारलं.

"एकालाही नाही. आम्ही लावूच दिली नाही."

"मग ते वाचले?"

"ते वेगळं," आत्याबाई म्हणाल्या.

झुंबररावांचा धाकटा भाऊ किसन वहिनीला धीर द्यायला आला होता. त्याने भावाच्या पोटावर बोट दाबून पाहिलं. "वहिनी, ही चरबी काय शोभेची आहे? पंधरा दिवस सहज निघतील. उपाशी कुठे आहे दादा?"

शेजारचा कोल्हा पंचांग बघायचा. तो म्हणाला, "घालायला माझी हरकत नाही. पण नळी आत जाते, म्हणजे हा प्रवेश झाला. प्रवेशाला मुहूर्त लागतो. शनिवारी अमावस्या. सोमवारी दहा चाळीस ते सव्वा अकरा चांगलं आहे."

"सोमवार म्हणजे सातवा दिवस," डॉक्टर म्हणाला.

"सात आकडा शुभच आहे," कोल्हा म्हणाला.

डॉक्टरने लांब मान खाली घातली. "मी सांगू शकतो. घरच्यांच्या संमतीवाचून नळी घालू शकत नाही."

असा बुधवार गेला. गुरुवारही गेला. जंगलभर बातमी पसरली आणि भेटायला रीघ लागली. कोणी बोरं आणली, कोणी मधाचं पोळं, कोणी जांभळं. झुंबररावांना काहीच चालत नव्हतं. आणलेलं परत नेणं बरं दिसत नाही, म्हणून आणणारेच ते खात बसले. लांबून आलेल्यांना उपाशी कसं पाठवायचं? हौसाबाईने दवाखान्यामागे चूल मांडली. दिवसभर ती पेज रटरटवायची आणि पानं वाढायची.

गुरुवारी दुपारी वेणूताई पाणी आणायला गेली तेवढ्यात आत्याबाईंनी भाच्याच्या जिभेवर बोटभर मध लावला. "तोंड तरी गोड होऊ दे," त्या म्हणाल्या. झुंबरराव खोकून खोकून निळे पडले. संध्याकाळपर्यंत ताप चढला.

"छातीत गेलं," डॉक्टर म्हणाला.

"दृष्ट लागली," आत्याबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी हौसाबाई नवऱ्याचं अंग पुसत होती. तिच्या हाताला पेजेचा वास होता. झुंबररावांनी डोळे उघडले. डावा पंजा कसाबसा उचलून तिचं बोट धरलं आणि नाकाशी नेऊन हुंगत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंगावर चरबी असलेल्यालाही भूक लागते, हे हौसाबाईला त्या दिवशी दिसलं.

ती बाहेर आली. चुलीपुढे पंगत बसली होती.

"सूनबाई, पेज आहे का अजून?" आत्याबाईंनी विचारलं.

"आहे," हौसाबाई म्हणाली. तिने भांडं उचललं आणि आत जाऊन वेणूताईपुढे ठेवलं. "हे पातळ करा आणि देठ घाला."

कोल्हा पान सोडून दाराशी आला. "वहिनी, सोमवार ठरलाय."

"सोमवारची पेज सोमवारी देऊ. ही आजची आहे."

"आमचं कोणी ऐकणारच नसेल तर आम्ही आलो कशाला?" किसन म्हणाला.

"जेवायला, भावजी. बसा, वाढते."

वेणूताईने झुंबररावांचं डोकं ओंडक्यावर उंच केलं. देठाला तूप लावलं आणि हलक्या हाताने नाकातून घातला. तो पोटात पोचला की नाही, ते डॉक्टरने दोनदा तपासलं. मग पेज सोडली, पहिल्या वेळी वाटीभरच. नंतर तासभर त्यांना निजू दिलं नाही. संध्याकाळी पुन्हा वाटीभर. दुसऱ्या दिवशी दीड.

चार दिवसांनी ताप उतरला. दहा दिवसांनी झुंबरराव टेकून बसले. चौथ्या आठवड्यात त्यांनी घट्ट कांजीचा एक घोट गिळला आणि ठसका लागला नाही. हौसाबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वेणूताईने देठ काढला.

"पहिल्या सकाळीच घातला असता तर बहुधा इतके दिवस लागले नसते," डॉक्टर म्हणाला. ते ऐकायला तेव्हा नातेवाईकांपैकी कोणी नव्हतं. पंगत बंद झाल्यापासून त्यांची कामं निघाली होती.

झुंबरराव घरी आले तेव्हा मात्र सगळे जमले. जेवण ठेवलं होतं. झुंबरराव काठीला धरून उभे राहिले आणि अडखळत बोलले.

"आत्याबाईंनी त्या दिवशी बोटभर मध लावला, त्यावर माझा जीव तगला."

आत्याबाईंनी डोळे पुसले.

"किसनने चरबीचा धीर दिला. आणि पंडितजींनी सोमवार काढला. त्याच सोमवारपासून मला बरं वाटायला लागलं."

"दहा चाळीसपासून," कोल्हा म्हणाला.

मग झुंबररावांची नजर कोपऱ्यात बसलेल्या वेणूताईकडे गेली. चेहरा जरा कडक झाला. "सिस्टर, तुम्ही माझ्या नाकात काहीतरी खुपसलं होतं. फार दुखलं. पण जाऊ द्या, मी मनात ठेवलेलं नाही."

"उपकार झाले," वेणूताई म्हणाली.

हौसाबाई वाढायला उठली. तिने वेणूताईच्या पानात सगळ्यांच्या आधी वाढलं. मग शेजारी फतकल मारून बसली आणि महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवली. बाकीच्यांनी आपापलं वाढून घेतलं.

तात्पर्य: कोणी आजारी पडलं तर क्षणाचाही विलंब न करता भेटायला जावं, दोन सल्ले द्यावेत आणि जेवून यावं. रोग्याला वेळेवर जेवू घालायच्या भानगडीत पडू नये. बरा झालेला माणूस पेज विसरतो, नाक विसरत नाही.