गफूरचाचा गाडीसमोर उभे राहतात

गिऱ्हाईक स्वस्तातले ब्रेक-पॅड मागायला लागलं की गफूरचाचा वाद घालत नसत. गॅरेजबाहेर जाऊन त्याच्या गाडीसमोर वीस पावलांवर उभे राहत आणि ओरडत, "घे अंगावर!"

लातुरात रेणापूरच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज. बडे बडे वकील, डॉक्टर तिथं घाम पुसताना मी पाहिलेत. बायकोपोरांना स्वस्तातले पॅड चालतात, समोर माणूस उभा राहिला की लगेच, "चाचा, चांगल्यातले टाका!" काय म्हणावं या अकलेला?

त्या दिवसांत लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. मुरुडहून रोज एका व्हॅनमध्ये अठरा पोरी कोंबून आणत. त्याविरुद्ध मी पत्रकं वाटली, चौकात भाषण ठोकलं. व्हॅनवाला बालाजी ढिम्म! शेवटी दंडाला धरून त्याला चाचांकडे नेलं.

चाचांनी चाक उतरवलं. ब्रेकच्या डिस्कला ते थाळी म्हणत. थाळीवरून नख फिरवलं. "नख अडकायलंय बघ." मग जाडी मोजली. "कंपनीनं कमीत कमी जाडी कोरून ठेवलीय. ही त्याच्याबी खाली गेली. नुसते पॅड टाकले तर ही थाळी चार दिसात खाईल त्यांला. दोन्ही बदलाव लागतील."

"लेथवर घासून द्या की," बालाजी म्हणाला. "परीक्षा झाल्यावर बदलू."

"घासायला उरलंय काय, मियाँ? पापड झालाय तिचा."

"तुमचं आपलं कायतरीच, चाचा."

"बरं." चाचांनी चाक परत चढवलं. "बस गाडीत."

ते समोर जाऊन उभे राहिले. बालाजीनं गाडी चालू केली. पण क्लचवरचा पाय काही उचलेना. मला तर नाचावंसं वाटत होतं!

"चाचा, हटा ना! पाया पडतो!"

"मी एकटा हाव. आत अठरा बसतेत. त्यांच्यासाठी न्हाई डरलास?"

"टाका! दोन्हीबी टाका!"

"जिंदाबाद!" मी ओरडलो. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

दुपारी काम झालं. आता चाचा पुन्हा समोर उभे राहणार म्हणून मी टाळ्या वाजवायच्या तयारीत. पण ते व्हॅनच्या पार मागच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसले. "नवे पॅड थाळीवर बसायला पाहिजेत. चल, मुरुडपतुर हळूहळू दाबत."

"पुढं बसा की चाचा," मी म्हणालो.

"न्हाई. मागं बसून बघतो."

व्हॅन मुरुडच्या रस्त्याला लागल्यावर ते मागून म्हणाले, "भूकंपाच्या साली जखमींला आणायला जीप काढली होती मी. मागं मायलेकी होत्या. ब्रेक धड न्हवते, म्हणून हळू आणली. लई हळू. दवाखान्यात पोचलो तवा माय गेलेली. पोरगी वाटभर मागनं विचारायची, 'चाचा, आलं का लातूर?' मी आपलं म्हणायचो, आलं बेटा, आलं."