राऊतबाईंचा उजेड

राऊतबाई नमस्कार करण्याआधी माणसाला फिरवतात. म्हणजे खरोखरच दोन्ही खांदे धरून फिरवतात. पालघरच्या आमच्या कॉलेजात मी रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी मला खिडकीकडे वळवलं, नीट न्याहाळलं आणि मगच विचारलं, "हां, आता दिसलात. कोण तुमी?"

मी मराठी शिकवतो, त्या कॅमेरा. मूळच्या किनाऱ्याकडच्या, आता उमरोळीला राहतात. घरची बोली त्यांनी प्राचार्यांसमोरही कधी सोडली नाही. एका सहकाऱ्याच्या लग्नात ऐन विधीत त्यांनी नवरदेवाला वीतभर सरकवलं. "नाकाची सावली ओठावर पडते. फोटोत मिशी येल." यावर भटजींनी हळूच विचारलं, "मी बरोबर बसलोय ना?"

मासळीच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण कायम त्यांच्या काखेत. उजेड परतवायला फार चांगलं, म्हणतात. रिक्षात त्यांच्या शेजारची जागा मात्र आपोआप रिकामी राहते. कॅमेरा धरलेला हात स्थिर राहावा म्हणून मुलांना काठोकाठ भरलेला पेला घेऊन व्हरांड्यात चालवतात. "पाणी सांडलं, शॉट सांडला!"

एवढं करूनही गेल्या वर्षी कॉलेजांच्या लघुपट स्पर्धेत आमची फजिती झाली. खिडकीला पाठ करून उभा असलेला नायक पडद्यावर निव्वळ काळा ठिपका दिसत होता. त्या ठिपक्याला नायिका म्हणाली, "तुझ्या डोळ्यांत मला सगळं दिसतं," आणि सभागृह हसून लोळलं. प्राचार्यांनी सांगून टाकलं, "यंदाही असंच झालं तर कॅमेऱ्याचा वर्ग बंद."

यंदाच्या फिल्ममधला नवरा रात्रपाळीला, बायको दिवसपाळीला. दोघांची भेट होते ती दारातच. शूटिंग बोईसरला, भाड्याच्या खोलीत. खोली एवढीशी की कपाट बाहेर काढल्यावर कॅमेरा आत गेला. दिग्दर्शक नीलेशने तीन मोठे दिवे आणून सगळे एकदम लावले. नायिकेचा चेहरा पीठ फासल्यासारखा सपाट दिसायला लागला.

राऊतबाईंनी सगळे दिवे बंद केले. "आता काय दिसतं?"

"काहीच नाही, मॅडम," कॅमेऱ्यामागून सानिका म्हणाली.

"थांब जरा."

हळूहळू खिडकीचा उजेड नायिकेच्या एका गालावर दिसू लागला. बाईंनी खिडकीला पांढरी चादर लावून तो मऊ केला. दुसऱ्या बाजूला झाकण धरलं, पण लांब. नीलेश म्हणाला, "मॅडम, जवळ धरा ना, अर्धा चेहरा काळोखात जातोय."

"सगळाच उजेड टाकू नये रे. थोडा काळोख तिलाबी ऱ्हाऊ दे."

नवरा डबा घेऊन निघाला. सानिका श्वास रोखून दारापासून चुलीपर्यंत त्या बायकोच्या मागोमाग गेली. कॅमेरा जराही हिंदकळला नाही.

स्पर्धेत तो शॉट आला. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. कॅमेऱ्याचं पहिलं बक्षीस सानिकाला मिळालं! प्राचार्यांनी तिथल्या तिथे वर्ग सुरू ठेवणार, वर नवे कॅमेरेही घेणार, असं जाहीर केलं. मुलांनी बाईंना खुर्चीसकट उचललं. "पाडाल मेल्यांनो!" बाई वरून ओरडत होत्या.

"ट्रॉफी आज तुमच्या घरी," म्हणून सानिका हटून बसली. मी बाईंना स्कूटरवरून उमरोळीला सोडायला गेलो. खिडकीला पाठ करून ठेवलेल्या खुर्चीत त्यांची म्हातारी आई बसली होती. बाईंच्या घरी कुणी आहे, हेच मला माहीत नव्हतं.

"डोळे गेलेत तिचे," बाई हळूच म्हणाल्या. "समोरच्याच्या तोंडावर भरपूर उजेड असला तर चेहरा दिसतो, थोडासा."

ट्रॉफी त्यांनी जमिनीवर ठेवली. आईसमोर जाऊन वाकल्या, केस मागे सारले आणि खिडकीतलं ऊन तोंडावर घेतलं.

"आये, दिसते काय मी?"

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हसतेस."

ऊन माडाआड जाईपर्यंत राऊतबाई तशाच वाकून उभ्या होत्या.