डुनेडिनला जाणारी गाडी

कॉम्प्युटरवरचं विमान उडवायला बेल लागते, हे रंगनाथतात्या भेटेपर्यंत मला माहीत नव्हतं. तात्या खुर्चीत ताठ बसायचे, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवायचे आणि थांबायचे. मी पेनानं टेबलावर दोनदा टकटक केल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही.

"डबल बेल झाल्याबिगर गाडी काढली, तर त्यो ड्रायव्हर कसला, शेठ?"

तात्या पिंपरी पेंढारचे. सारी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून झाली, त्यातली बरीच तळेघरच्या घाटातल्या वळणांवर. मी ओतूरला आमच्या कापडदुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास काढला होता. ही दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. क्लासला विद्यार्थी अधूनमधून यायचे, तात्या मात्र रोज. एका सीडीवर न्यूझीलंडचा खेळ होता. अंड्यासारखा चेंडू घेऊन पळतात त्या रग्बीची तिथली स्टेडियमं, आणि त्यांच्यावरून विमान न्यायचं. उत्तरेच्या ऑकलंडहून निघायचं आणि इंधन संपायच्या आत दक्षिणेचं डुनेडिन गाठायचं. डुनेडिनला तात्यांचा एकुलता एक मुलगा सुरेश नोकरीला होता. त्याची आई, आमच्या काकू, वारल्यावर त्याचे फोनही बंद झाले होते. तात्यांना खेळ जिंकायचा नव्हता, त्यांना डुनेडिन बघायचं होतं.

आणि ते कधीच दिसायचं नाही. कारण तात्या प्रत्येक स्टेडियमवर विमान उतरवायचे. नुसतं वरून गेलं तरी चालतं, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. ऐकतील तर शपथ! मैदानाच्या मधोमध विमान उभं करून मान वळवून मागे बघत बसायचे.

"तात्या, कोण उतरतंय?"

"म्हाताऱ्या माणसाला येळ लागतो, राव. स्टॉप म्हंजी स्टॉप."

अर्ध्या वाटेत इंधन संपून विमान समुद्रात जायचं. तात्या "उद्या बगू" म्हणत चपला घालायचे. मला त्यांचा राग यायचा. हात केलेल्या माणसाला आपण कधी मागे सोडलं नाही, एवढाच एक अभिमान त्यांनी आयुष्यभर बाळगला होता आणि नेमका तोच आडवा येत होता.

पौषातल्या एका दुपारी ते आले, बसले आणि म्हणाले, "आज नॉनस्टॉप."

मी बेल दिली. एकेक स्टेडियम खालून मागे पडत गेलं. प्रत्येक वेळी तात्या खाली बघून ओशाळल्यासारखे पुटपुटत होते, "मागून दुसरी गाडी हाये. मागून दुसरी हाये."

डुनेडिन आलं. मी टाळ्या पिटल्या. तात्यांनी विमान अलगद उतरवलं. हजारो खुर्च्या होत्या, माणूस एकही नव्हता. स्टेडियमच्या बाहेर नुसता हिरवा रंग फासलेला. त्यात घर नाही, रस्ता नाही.

"माणसं काढायची ऱ्हायली का, शेठ?"

"खेळ आहे तात्या. तेवढंच काढतात."

"मंग पोरगं ऱ्हातं कुठं?"

मी माऊसनं चहूकडे फिरवून बघितलं; सगळीकडे तोच हिरवा रंग. तात्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "सुऱ्या आल्ता दिवाळीनंतर. पुण्याला, सासुरवाडीच्या लग्नाला. आठ दिस ऱ्हायला आन गेला परत. पुण्याहून हितवर तीन तास लागत्यात. मी सोता चालवलीय ती गाडी."

तात्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"गावात कुणाला बोलू नको. कधी आलाच, तर लोकं त्याला नावं ठिवतील. पोरगं शरमंल, मंग पुन्यांदा यायचं न्हाई."

"नाही बोलत," मी म्हणालो.

खरं तर पिंपरी पेंढारच्या पारावर त्याआधीच महिनाभर दुसरा विषय नव्हता. फक्त तात्या येताना दिसले, की सगळे थंडीचं बोलायला लागायचे.