अंगणातला सुळका

सन दोन हजार अठरा, शरद ऋतू, कोरियातला छुसकचा सण, पितरांना जेवू घालायचा, आठ दिवसांवर आलेला. तेव्हा मी आमचं अंगण जरा उजळ करायचं ठरवलं. एवढंच.

अंगण धरणाच्या पाण्याखाली आहे. आमचं गाव पोंगनेगोल बुडून चाळीस वर्षं झाली. छुसकच्या दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेसुरले लोक धरणाच्या काठावर जमतो, पाण्याकडे तोंड करून पितरांना वाढतो आणि कोणाचं घर किती वर होतं यावर भांडतो. वर शेजारच्या मेंगांचं होतं, आमचं खळग्यात. (त्यांचं सांडपाणी आमच्या दारात येई. हे मेंग सोयीने विसरतात.)

मेंगकाकू त्र्याण्णव वर्षांच्या. डोळे गेलेले. मरायच्या आधी आपलं दार एकदा हाताला लागावं, इतकंच त्यांचं मागणं. म्हणून गाव लाकडात कोरून घ्यायचं ठरलं. गावकऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष मी. काम माझ्या जावयाला दिलं.

जावई ग्युहो सोलमध्ये कॉम्प्युटरवर डोंगर बनवतो. खेळांत लागतात म्हणे. पायाला कधी ढेकूळ लागलं नाही, पण सकाळ-संध्याकाळ दऱ्या खोदतो आणि त्याचा पगार घेतो. त्याने जुन्या नकाशावरून आमची दरी उभी केली, तिच्या उंचीचं काळंपांढरं चित्र काढलं आणि नदीचे काठ नीट करायला ते फोटोच्या प्रोग्राममध्ये घातलं.

"बाबा, जितकं पांढरं तितकं उंच, जितकं काळं तितकं खोल," तो म्हणाला. "मशीन यावरूनच कोरणार. हात लावू नका."

मी ऐकलं नाही. जावयाचं ऐकायची आमच्यात पद्धत नाही.

सणासाठी आमच्याकडे आलेला तो सासूबरोबर नासपती आणायला गेला आणि मी चित्र पाहिलं. मेंगांचं घर दुधात धुतल्यासारखं. आमचं काजळी. मला हे पटलं नाही. ज्येष्ठांच्या केंद्रात मी फोटो गोरे करायला शिकलो आहे. (पासपोर्टवर मी इतका गोरा आहे की विमानतळावर मला बाजूला बसवलं.) चुलीपासून गोठ्यापर्यंत अंगण पांढरंफेक केलं. परत आल्यावर ग्युहोने नदीपुरतं पाहिलं. शेजारी सासू भरवत बसलेली, बाकी कुठे बघणार. फाईल कोरायला गेली.

छुसकच्या दुसऱ्या दिवशी काठावर, कोरून आलेल्या गावावरचं कापड मी स्वतः काढलं. आमच्या अंगणातून एक सुळका उभा होता. डोंगरावरच्या पितरांच्या थडग्यांच्याही वर.

काकूंचा हात नदीवरून आला, विहिरीपाशी थांबला, वाटेने चढू लागला आणि सुळक्याला अडला. त्यांच्या घराची वाट आमच्या अंगणातून होती.

"हे काय उभं केलंय?" काकू म्हणाल्या. "माझं दार कुठं गेलं?"

त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. तो म्हणाला, सोलचे शिकलेले लोक, गेम खेळत बसला असेल. लोक हसले. ग्युहोने सुळक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग कमरेत वाकला.

"चूक माझी आहे, आजी."

बायको माझ्याकडे बघत होती. मी पाण्याकडे बघत होतो.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "पुढल्या वर्षी कोण असतंय." आणि हात काढून घेतला.

जावयाचं ऋण घेऊन जगायचं? ते मला झेपणारं नव्हतं.

"सुळका मी काढला," मी म्हणालो.

"ते हाताला लागलं तेव्हाच कळलं," काकू म्हणाल्या. "तुझा बापही कुंपण घालताना अशीच माझी वाट अडवायचा. आता उतरव."

धरणाच्या चौकीदाराकडून करवत, पटाशी आणि कानस आणली. मंडळाचा अध्यक्ष मांडी घालून बसला आणि सगळ्या गावादेखत स्वतःचं अंगण खाली करू लागला. काकूंचा मुलगा मेंग डोक्यावर उभा.

"अजून खोल," तो म्हणे. "तुमचं याहून खोल होतं."

खोटं नव्हतं. मी खोदत राहिलो. जेवणं उरकली. माझं पान ग्युहोने झाकून ठेवलं.

उन्हं कलली तेव्हा काकूंचं बोट विहिरीपासून निघालं, आमच्या खळग्यात घसरलं, पलीकडून वर चढलं आणि थांबलं.

"लागलं," काकू म्हणाल्या.

जावयाचं देणं फिटलं.